बसण्याचे पैसे

अनवरीला नुसतं बसण्याचे पैसे पहिल्यांदा मिळाले तेव्हा तिचं वय पन्नाशीला टेकलं होतं. त्याआधी तिनं लोकांची धुणी धुतली, भांडी घासली, लग्नघरी भाकऱ्या थापल्या, उन्हाळ्याच्या तोंडावर नवऱ्याबरोबर दारोदार जाऊन कूलरच्या जाळ्यांत गवत भरलं. नवरा नवाब कूलर दुरुस्त करायचा. एका एप्रिलमध्ये कोणाच्या तरी गच्चीवर काम करता करता छातीला हात लावून तो खाली बसला, तो उठलाच नाही. ताहेरा, एकुलती लेक, तेव्हा पैठणला दिलेली होती. किराडपुऱ्यातल्या एका खोलीत अनवरी एकटी राहिली आणि सिडकोतली धुण्याभांड्याची कामं तिनं वाढवून घेतली.

अशाच एका घरच्या पाथ्रीकर मॅडम बँकेत होत्या. नवरा दुसऱ्या बँकेत. शहरात नळाला पाणी यायचं पाचव्या, सहाव्या, कधी आठव्या दिवशी, आणि तेही लाईनमनच्या मर्जीनं. कधी सकाळी, कधी टळटळीत दुपारी. त्या वेळी घरात माणूस नसलं, की आठवडाभर टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं.

एकदा मॅडम म्हणाल्या, "अनवरी, उद्या पाण्याचा दिवस आहे आणि आमच्या दोघांच्याही रजा संपल्यात. आता राहिलं तर पगार कापतात. तू दिवसभर बसशील का घरी? पाणी आलं की हौद भरू दे, मग मोटर लावून वरची टाकी भर."

"बसंन की. आन् काम काय करू?"

"काम काही नाही. बस नुसती."

ती बसली. पाणी दुपारी आलं. संध्याकाळी मॅडमनी पैसे हातावर ठेवले ते तिच्या तीन घरच्या भांड्यांच्या रोजाइतके होते. अनवरीला वाटलं, बाईंचा हिशेब चुकला. तिनं तसं म्हणूनही बघितलं. मॅडम हसल्या. "माझी एक दिवसाची रजा वाचली, त्याच्यापुढं हे काहीच नाही."

मग ही गोष्ट कॉलनीभर झाली. आज या घरी पाणी, उद्या त्या. ज्यांच्या घरी दोघंही कमावते, ते सगळे अनवरीला बोलवू लागले. वर्षभरात भांडी सुटली आणि बसणं हाच तिचा धंदा झाला. पदराला किल्ल्यांचा जुडगा आला.

काम सगळीकडं एकच. नळ तोच, मोटर तीच. भाव मात्र घरागणिक वेगळा. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई पाथ्रीकर मॅडमच्या दुप्पट द्यायच्या, पाणी नाही आलं तरी द्यायच्या. "तुम्ही बसलात ना? मग झालं," म्हणायच्या. कपड्याच्या दुकानाचे मालक होते, ते म्हणायचे, पाणीच आलं नाही तर पैसे कशाचे? आणि तळमजल्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा सांडू होता, वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं. त्याची बायको एका दवाखान्यात आया. तो पैसे देताना खाली बघायचा.

"मावशी, माझी हजेरीच एवढी हाय. त्यातली निम्मी तुम्हाला दिली, तर मी कामाला जाऊन आणलं काय?"

"नको देऊस मग. पोरीला दूध आण," असं अनवरी एकदा म्हणाली. पण दर वेळी तसं म्हणणं तिलाही परवडण्यासारखं नव्हतं.

ती यावर विचार करत बसायची, कारण विचार करायला वेळच वेळ होता. आपला दिवस सोमवारी एवढ्याला जातो, मंगळवारी तेवढ्याला. दिवस तर तोच, ऊनही तेच, पाठही तेवढीच दुखते. तिला एवढंच समजलं होतं, की तिच्या दिवसाला तिचा असा काही भाव नाही. ज्याचा दिवस वाचला, त्याच्या ऐपतीनं तिचा दिवस मोजला जायचा.

बंद घरात बसणं हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. सोफ्यावर बसायला कोणी मना केलं नव्हतं, तरी ती स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून बसायची. तिथून नळाचा आवाज यायचा. नळ बोलेपर्यंत घरात फ्रिजची घरघर तेवढी असायची. भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो. कुणाच्या घरी कोणाला शुगरच्या गोळ्या चालू आहेत, कोणाच्या पोराची चप्पल केवढी झाली, हे तिला माहीत होतं; पण त्या पोराचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती यायची तेव्हा माणसं निघून गेलेली असायची आणि माणसं यायची तेव्हा ती दाराला कुलूप घालून निघालेली असायची. दुपारची जोहरची नमाज ती डॉक्टरीणबाईंच्या सामानाच्या खोलीत पढायची. विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "पढा की, विचारता काय." कधी कधी दिवसभरात तिच्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच, नमाजेतले.

एकच घर वेगळं होतं, द्वारकाबाईंचं.

द्वारकाबाई पंचाहत्तरीच्या. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा श्रीरंग पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बाईंना गुडघ्यांमुळं टाकीकडचा जिना चढवत नव्हता, म्हणून त्यानं पाण्याच्या दिवसासाठी अनवरीला लावलं होतं. त्या घरी दार उघडायला माणूस होतं. बाई आधी चहा टाकायच्या, मग नळाची चौकशी करायच्या. शेंगा सोलत, मेथी निवडत दोघी बसायच्या आणि बाई एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायच्या.

"ट्रंक कॉलला तीन मिनिटांचे पैसे असायचे," त्या एकदा म्हणाल्या. "खेड्यातली माणसं पोस्टात येऊन तासन् तास थांबायची. लाईन लागली की बोलायची काय? पोचलो, बरा आहे, आईला सांगा. एवढ्यात संपायचं. मग उरलेला वेळ नुसतं रिसीव्हर धरून उभी. मला ऐकू यायचं ना, इकडचा श्वास, तिकडचा श्वास. पैसे भरलेत म्हणून कोणी ठेवायचं नाही."

"तुम्ही तोडत नव्हत्या का?"

"तीन मिनिटं झाली की तोडायचाच नियम होता." बाई थोडं हसल्या. "मी जरा उशिरा तोडायची."

अनवरी त्या घरून निघाली की रस्ताभर बाईंचं बोलणं मनात घोळवत जायची. पाण्याच्या दिवसाची ती वाट बघायची ती याच एका घरासाठी.

मग श्रीरंगनं आईच्या अंगणात बोअर मारला. पाणी चांगलं लागलं. अनवरीला वाटलं, हे घर सुटलं. पण चार दिवसांनी त्याचाच फोन आला.

"मावशी, तुम्ही येणं बंद करू नका. आठवड्यातून दोन दुपारी आईजवळ बसत जा. पाण्याचे देत होतो त्याच्या दुप्पट देतो."

"बाईंला सांगू ना असं?"

"नको, तेवढं सांगू नका. तिला आवडणार नाही. मलाच यायचं असतं हो, पण इकडं एक दिवस सोडला तर सगळं अडतं."

अनवरी 'बरं' म्हणाली. ती जात राहिली. पैसे श्रीरंगकडून परस्पर तिच्या खात्यावर यायचे. द्वारकाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "अनवरी आता कामाला नाही येत बरं का. येते आपली मला भेटायला. तिला माझ्याशिवाय करमत नाही."

ते ऐकताना अनवरी मान खाली घालून शेंगा सोलत राहायची. करमत नाही हे खोटं नव्हतं. पण पैसे नसते तर आपण आलो असतो का, असं ती स्वतःला विचारायची. आली असती, महिन्या दोन महिन्यांतून एकदा. आठवड्यातून दोनदा नसती आली. तेवढ्यात दुसरं घर झालं असतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता ताहेराचा फोन आला. अनवरी तेव्हा द्वारकाबाईंच्याच घरी होती. ताहेरा पैठणला घरच्या मागावर पैठणी विणायची, एका शेठसाठी. नवरा शफीक रिक्षा चालवायचा. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि बाळंतपण पंधरवड्यावर आलं होतं.

मायलेकी आपसात दखनीत बोलायच्या. "अम्मी, तू आती क्या? बीस-पच्चीस दिन," ताहेरा म्हणाली. "बड़े कू कौन देखेगा? सास का हाथ टूटेला है."

अनवरीच्या मनात जायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. इथली घरं कशी सोडू, पाणी कोणासाठी थांबत नाही, एकदा त्यांनी दुसरी बाई लावली की घर गेलं. अमक्या घराचे एवढे बुडतील, तमक्याचे तेवढे. ती बोलत गेली आणि ताहेरा ऐकत गेली. मग ताहेरा शांतपणे म्हणाली, "जित्ता तेरा डूबता, उत्ता मैं देतूं ना अम्मी. शेठ के पास से उचल लेतूं."

"मां कू रोजी देती क्या तू?"

"तूच हिसाब बता री थी," ताहेरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भाजीवाल्याशी व्यवहार ठरवावा तसं ती सरळ बोलली होती. अनवरीनं फोन बंद केला.

"काय झालं गं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

अनवरीला रडू फुटलं. "पोरगी म्हणती, माझ्यापाशी येऊन बस, मी तुला रोजी देते. पोटची पोरगी बाई. आईला रोजी."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "असं कसं बोलवलं तिला? आपल्या माणसाजवळ बसायचे कोणी पैसे घेतं का?"

तो हात अनवरीला धरवेना. तिनं हळूच सोडवून घेतला. बाई पाणी आणायला उठायला लागल्या, गुडघ्यावर हात टेकून, तेव्हा ती म्हणाली, "बसा बाई. मी घेते."

"काय घेतेस?"

"पैसे. तुमच्यापाशी बसायचे. बोअर झाला तवापासून श्रीरंगदादा देतात. तुम्हाला सांगू नको म्हणले होते."

द्वारकाबाई अर्ध्या उठलेल्या होत्या, त्या परत बसल्या. शेंगांची परात त्यांनी पुढ्यात ओढली.

"किती?" बाईंनी विचारलं.

"एका दुपारचे तीनशे."

बाईंनी परातीतल्या शेंगा एका बाजूला सारल्या, सालं दुसऱ्या बाजूला. "तो स्वतः आला असता तर त्याचा एक दिवस गेला असता. त्याच्या एका दिवसाचे किती होतात, तुला कल्पना नाही अनवरी. तीनशे म्हणजे स्वस्तात पडलं त्याला." मग म्हणाल्या, "आज जा तू."

"बाई, मी मनापासून येत होते."

"असशील," बाई म्हणाल्या. "पण आता मला ते कसं कळायचं?"

अनवरीनं चपला घातल्या. ती घरी आली. रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी देऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना." दुकानवाल्यांनी किल्ली घेतली आणि दार लावून घेतलं. पाथ्रीकर मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "जाऊन ये. आम्ही तोवर काहीतरी जमवतो." दुपारच्या एसटीनं अनवरी पैठणला गेली.

ताहेराला मुलगी झाली. अनवरीनं बाळंतिणीचं केलं, मोठ्या नातवाचं केलं, विहिणीच्या मोडक्या हाताचंही केलं. तिला वाटलं होतं, आता लेकीशी बोलणं होईल, मनातलं निघेल. पण चाळीस दिवस व्हायच्या कितीतरी आधी ताहेरा मागावर बसली. साडी लग्नसराईची होती, शेठचा माणूस रोज फेरी मारायचा. काठावरचे मोर विणताना एक धागा चुकला तरी उसवावं लागे, म्हणून तिच्याशी कोणी बोलायचं नाही. मागाच्या धोट्याचा आवाज एका खोलीत, अनवरी आणि तान्ही दुसऱ्या खोलीत. पोर भुकेली झाली की ती नेऊन द्यायची, पाजून झालं की परत आणायची. ताहेरा एक हात पोरीखाली धरून नजर मागावरच ठेवायची. अनवरीला वाटायचं, ही माझीच लेक. मी हिच्या लहानपणी भांडी घासता घासता हिला असंच सांभाळत होते.

फोनवरच्या त्या बोलण्याचा विषय कोणीच काढला नाही. निघायच्या दिवशी शफीक तिला रिक्षानं स्टँडवर घेऊन निघाला, तेव्हा ताहेरा दारापर्यंत आली आणि घडी घातलेल्या नोटा तिनं आईच्या हातात दिल्या.

"रख ले अम्मी."

अनवरीनं त्या घेतल्या. नाही म्हणण्याची तिची इच्छा होती, ऐपत नव्हती. खोलीचं भाडं थकलं होतं आणि परत जाऊन कोणती घरं शिल्लक असतील हे माहीत नव्हतं. नोटा घेताच ताहेराचा चेहरा मोकळा झाला, देणं फिटल्यावर माणसाचा होतो तसा. एसटीत बसल्यावर अनवरीला तो चेहराच सलत राहिला. पोरीनं जबरदस्ती केली असती, भांडली असती, तर बरं वाटलं असतं.

परतल्यावर कळलं, डॉक्टरीणबाईंनी पाणी आलं की आपोआप चालू होणारी मोटर बसवली होती. दुकानवाल्यांनी दुसरी बाई लावली होती. सांडू वाळूजजवळच बजाजनगरला राहायला गेला होता. पाथ्रीकर मॅडमनी तेवढं घर राखून ठेवलं होतं. अनवरीनं पुन्हा दोन घरची भांडी धरली.

द्वारकाबाईंकडं जायला तिला धीर होईना. एका दुपारी ती मन घट्ट करून गेली. आज पैसे नाहीत, हे बाईंना आधीच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. श्रीरंगलाही तिनं तसा फोन केला होता, पण त्यानं उचलला नव्हता. फाटकाला कुलूप होतं. शेजारची सरूबाई गॅलरीतून म्हणाली, "त्या पुण्याला गेल्या. त्यांनी पोराला फोन करून सांगितलं म्हणे, माझ्याजवळ बसायचं तर तू ये, तुझ्या जागी माणूस पाठवू नको. आला की तो दुसऱ्या दिवशी. आठ दिवस राहिला. अंगणात खुर्च्या टाकून मायलेक बसायचे. मग घेऊनच गेला."

"बऱ्या आहेत ना?"

"फोन येतो कधी कधी. म्हणतात, दिवसभर फ्लॅटमध्ये मी एकटीच. पण रात्री जेवायला येतो म्हणे तो. त्यातच खूश आहेत."

"माझं काय बोलल्या का?"

सरूबाईनं आठवून पाहिलं. "नाही बाई. तसं काही नाही."

अनवरी फाटकाजवळ जराशी उभी राहिली. बाईंचा मुलगा आला याचं तिला खरंच बरं वाटलं. ते बरं वाटणं घेऊन ती चालत घरापर्यंत आली, रिक्षा केली नाही.

त्यानंतर तिनं एक केलं. महिन्यातून एक दिवस ती पैठणला जाऊ लागली, सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचं. त्या दिवशी भांड्यांचे पैसे कापले जायचे, कधी पाथ्रीकर मॅडमचा पाण्याचा दिवसही हुकायचा. किती बुडालं हे ताहेराला ती सांगत नसे. ताहेरानं पहिल्या दोन-तीन खेपांना विचारलं, "कैसी आई? काम नै क्या आज?" अनवरी म्हणायची, "नै है." मग ताहेरानं विचारणं सोडलं.

बहुतेक वेळा ताहेरा मागावरच असायची आणि अनवरी नातीला मांडीवर घेऊन शेजारच्या खोलीत बसायची. दुपारी जेवताना दोन शब्द, निघताना दोन शब्द. थंडीतल्या एका खेपेला मात्र धोट्याचा आवाज मध्येच थांबला. धागा तुटला असेल, म्हणून अनवरीनं तिकडं लक्ष दिलं नाही. ताहेरा चहाचे दोन कप घेऊन आली आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"साड़ी?" अनवरीनं विचारलं.

"रहने दे," ताहेरा म्हणाली.

दोघींनी चहा घेतला. ताहेरानं पोरीच्या दाताचं काहीतरी सांगितलं, अनवरीनं पाथ्रीकरांच्या घरचं काहीतरी सांगितलं. फार काही बोलणं झालं नाही. थोड्या वेळानं शेठचा माणूस दारात आला, तेव्हा ताहेरा उठून आत गेली. अनवरीनं कप विसळून पालथे घातले, झोपलेल्या नातीच्या अंगावर गोधडी ओढली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून ती स्टँडकडं निघाली.